एकोणीस पट्ट्या

"अहो, आज तुमचं काम नाही म्हणालेत," पहारेकरी म्हणाला.

"माझ्या मुलीचा कार्यक्रम, आणि माझंच काम नाही?" असं म्हणत तो आत शिरलासुद्धा. तीस वर्षं या सभागृहाचा पियानो तोच सुरात लावत आला होता. पहारेकऱ्याने मुकाट्याने दार धरलं.

रंगमंच रिकामा होता. मुलगी सकाळची तालीम आटोपून विश्रांतीला गेली होती, ती थेट संध्याकाळी येणार होती. पियानोवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती : 'कृपया हात लावू नये.' अशा चिठ्ठ्या साफसफाई करणाऱ्यांसाठी असतात. वाद्य लावणाऱ्यानेच हात लावायचा नाही, तर मग कुणी लावायचा? त्याने ती अलगद काढून खिशात घातली.

पहिलीच पट्टी दाबली आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. महिन्यापूर्वी लावलेला पियानो, आणि मधल्या पट्ट्यांची पार दैना झालेली. एक सूर चांगलाच उतरलेला, शेजारचा नुसता कुरकुरणारा, तर एका पट्टीच्या तीन तारा तीन तोंडांनी बोलणाऱ्या. असे पियानो त्याने अनेक घरांत पाहिले होते. हौसेने आणायचे आणि मग वर्षानुवर्षं ढुंकून बघायचं नाही! अशा घरमालकांना तो तोंडावर सुनवायचा. इथे सुनवायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने लाकूड सुकवून सूर बिघडवणाऱ्या सभागृहाच्या हीटरला चार शिव्या हासडल्या, बाह्या सरसावल्या आणि तीन तासांत एकोणीस पट्ट्या ताळ्यावर आणल्या.

पोरीला सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. गुपचूप केलेल्या कामाचा आनंद वेगळाच असतो. शिवाय मागची एक बोच होतीच. तिच्या गेल्या कार्यक्रमात ते बेसूर वाटणारं नवं संगीत सहन न होऊन तो, फोन आल्याचं निमित्त करून, मधूनच उठला होता आणि अर्धा तास रस्त्यावर फिरत राहिला होता. तिने रिकामी खुर्ची पाहिली होती.

संध्याकाळी तो बहिणीबरोबर तिसऱ्या रांगेत बसला. बहिणीने पर्समधून कापसाचे बोळे काढून दाखवले.

"ठेव ते आत," तो म्हणाला.

"अरे, मागच्या वेळी शेजारचे गृहस्थ मला विचारत होते, सुरू कधी होणार म्हणून. तेव्हा मध्यंतर झालं होतं!"

त्याला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. आज काही झालं तरी उठायचं नव्हतं. दिवे मंद होता होता त्याने माहितीपत्रक उघडलं. 'या रचनेसाठी पियानोच्या एकोणीस पट्ट्या मुद्दाम उतरवल्या आहेत.'

ओरडून थांबवावं? पण मुलगी रंगमंचावर आली होती.

तिने पहिला सूर वाजवला आणि तिचा हात हवेतच थांबला. चिठ्ठी होती त्या जागेकडे तिने पाहिलं. लोकांना वाटलं, हाही रचनेचाच भाग. मग ती वाजवायला लागली, थेट शेवटपर्यंत.

कुणी खोकलं नाही, कुणी उठलं नाही. बहिणीचा कापूस पर्समध्येच राहिला. "आज पहिल्यांदा कानाला गोड लागलं बाई," ती पुटपुटली. टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक उभे राहिले. त्याला मात्र उठवेना. पोरीची तीन वर्षांची मेहनत आपण तीन तासांत पुसून टाकली, आणि तिला टाळ्या मिळताहेत त्या आपल्या चुकीला.

रंगमंचामागच्या खोलीत ती एकटीच बसली होती. त्याने खिशातली चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"मीच लावला गं. मला काय ठाऊक, तू मुद्दाम..."

"पहिल्याच पट्टीला कळलं मला. इतकं नेमकं दुसरं कोण लावणार?"

"रागव तरी माझ्यावर. मला वाटलं, कुणाच्या तरी हलगर्जीपणाने बिघडलाय. अशा लोकांचा मला मनस्वी राग येतो, तुला माहीत आहे."

"माहीत आहे." ती चिठ्ठीची घडी घालत राहिली. "मी माझ्या मनाने नव्हत्या उतरवल्या, बाबा. आपल्या घरचा पियानो विकायच्या आधी मी त्याची एकेक पट्टी किती उतरलीय ते मोजून लिहून ठेवलं होतं. अगदी तसाच केला होता इथला."

तो समोरच्या खुर्चीवर टेकला.

"लहानपणी मी दर आठवड्याला म्हणायचे, बाबा, एकदा आपलाही लावून द्या ना. तुम्ही म्हणायचात, दिवसभर लोकांचे लावून कान थकतात, रविवारी बघू." तिने त्याचा हात हातात घेतला. "आज लावलात."