स्मरणगोळी आणि इसबगोल

"गोळीबरोबरच इसबगोल? तेही दोन चमचे?" हेरंबने पेल्याकडे पाहत विचारले.

"पोट साफ राहतं. मुकाट्याने पी," मृणाल म्हणाली.

स्मरणगोळी सुरू झाल्यापासून हेरंबच्या विरत चाललेल्या आठवणी परतल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर अनघाही परतली होती. ही त्याची पहिली पत्नी. तिला जाऊन तीस वर्षे झाली होती. आता रोज न्याहारीला तिचा एखादा किस्सा निघे. काल तिच्या हातची उकड निघाली, आणि मृणालने केलेले पोहे ताटलीतच गार झाले.

तंतुमय पदार्थ औषधाला आतड्यात धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसे उतरत नाही. म्हणून गोळी आणि इसबगोल यांत काही तासांचे अंतर ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. मृणालने ते लक्षपूर्वक ऐकले, आणि दुसऱ्या दिवसापासून अंतरच मिटवले.

मात्र औषध अपुरे पडताच मेंदूने अलीकडच्या आठवणी आधी सोडल्या. जुन्या, खोल रुजलेल्या जागच्या जागी राहिल्या.

पंधरवड्यानंतर एका सकाळी हेरंब मृणालकडे टक लावून पाहत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात अशी नजर तिच्या वाट्याला कधी आली नव्हती.

"अनघा," तो हळूच म्हणाला, "तुझे केस कधी गं पिकले?"

मृणालच्या ओठांवर स्वतःचे नाव आले होते. पण ती नजर तिला सोडवेना.

"कधीचेच," ती म्हणाली आणि तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "तुझं लक्ष कुठे होतं?"