डावीकडची दाढ

सरोजताईंची डावीकडची दाढ डॉक्टर आसावरीने पुन्हा एकदा ठोकून पाहिली. कीड नव्हती, हिरडीला सूज नव्हती, एक्स-रेही स्वच्छ होता. तरी सरोजताई जबडा धरून बसल्या होत्या. कळ आता खांद्यापर्यंत उतरली होती आणि एसी चालू असूनही मानेवरून घाम ओघळत होता. शहाडहून रिक्षाने येताना मळमळलंही, त्या ओशाळून म्हणाल्या. पित्त असेल.

आसावरीने ग्लोव्ह्ज काढले. छातीत दुखतंय का, असं विचारलं. दुखत नाही, जरा जड वाटतंय, एवढंच.

तिने अॅम्ब्युलन्सला फोन केला. ती पुलावर अडकली होती. मग बाहेर पेपर वाचत बसलेल्या त्यांच्या नवऱ्याला, प्रभाकररावांना, तिने उठवलं, समोरच्या मेडिकलमधून अॅस्पिरिन आणून सरोजताईंना चघळायला लावली आणि मिळेल त्या रिक्षात दोघांना घेऊन बसली. तुमचे पेशंट खोळंबलेत, असं सरोजताई वाटेत दोनदा म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत बाइकवरून पडलेली पोरं नुकतीच आणली होती. बायकोची दाढ फार दुखतेय, असं प्रभाकररावांनी सांगितलं. तरुण डॉक्टरने मानही वर केली नाही.

"दाताचं असेल तर डेंटिस्टकडे न्या."

"मीच डेंटिस्ट आहे," आसावरी म्हणाली. "दात चांगले आहेत. ईसीजी काढा."

त्याने सरोजताईंकडे पाहिलं. नीट पदर घेऊन बसलेली, उत्तरं देणारी बाई. बाकावर बसा, बेड रिकामा झाला की बघतो, म्हणाला. आसावरी त्याच्याकडे पुन्हा सांगायला गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा सिस्टरने तिला बाजूला उभं राहायला सांगितलं.

बेड मिळाला, वायरी लागल्या, कागद बाहेर आला आणि तो पाहून डॉक्टर फोनकडे पळाला. हृदयाचे मोठे डॉक्टर ठाण्याहून निघाले होते. इंजेक्शन चालू झालं. सरोजताईंनी आसावरीचं बोट धरलं होतं. ती पकड सैल पडल्याचं मॉनिटरच्या आधी आसावरीला कळलं.

बराच वेळ छाती दाबून झाल्यावर डॉक्टर बाहेर आला. मोठा अटॅक होता, वाचवता आलं नाही, त्याने सांगितलं. त्रास कधीपासून होता, असंही विचारलं. परवापासून दाढ म्हणत होती, प्रभाकरराव म्हणाले. तो गेल्यावर ते आसावरीकडे वळले.

"छातीत दुखतंय असं एकदा जरी म्हणाली असती ना, तर मी तिला उचलून आणलं असतं हो."