जावईबापूंची तपासणी

पाय धुऊन, अंगठ्यावर कुंकू लावून पाटावर बसवलेला जावई. पुढ्यात ताट, ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. आणि ह्या बाबाच्या मांडीवर लॅपटॉप! देव्हाऱ्यातला देवसुद्धा नैवेद्य दाखवला की निदान समोर बघतो, असं रंगुबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण महिना पडला अधिकाचा. ह्या महिन्यात जावई म्हणजे नारायण, आणि नारायणाला कोण बोलणार?

"जावईबापू, धोंडे गार व्हायल्यात."

"एकच मिनिट, आई." पार्थने मान वर केली नाही. पुण्यात त्याचं कामच ते होतं. मोठमोठ्या कंपन्या पगार देऊन त्याला आपल्याच कॉम्प्युटरची कुलपं हलवून बघायला लावत. "तुमच्या कोंबड्यांच्या शेडचं मशीन वायफायवर दिसतंय. एकदम उघडं आहे."

"उघडं कसं? माझा हनुमंता कुलूप लावून गेलाय. दारात कुत्रं हाय."

"दारातून नाही हो. कोणीही पुण्यात बसून तुमचे फॅन बंद करेल. चोर आला तर काय करू शकतो, ते दाखवतो तुम्हाला."

"अहो, राहू द्या ना," मोनिका म्हणाली. "दादा आला की बघा. उद्या गाडी भरायचीय त्याला."

"मी कुठे काय करतोय? नुसतं विचारतोय मशीनला, तू कोण, तुझ्यात काय काय चालतं." त्याने एक बटण दाबलं आणि पहिला घास तोंडात घातला.

रंगुबाईचा हात तुपाच्या वाटीवर तसाच राहिला. अंगणापलीकडची घरघर थांबली होती. शेडच्या फॅनची ती घरघर ह्या घरात दिवसरात्र असायची, इतकी की ती आहे हे कुणाच्या ध्यानातही नसायचं.

"लाईट गेली का?" मोनिकाने वर पाहिलं. जावयाच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. लाईट गेली असती तर जनरेटर आपोआप सुरू झाला असता. पण लाईट होती, म्हणून जनरेटरही गप्प.

पार्थ अनवाणीच पळाला. शेडबाहेरच्या पॅनलवर आकडे दिसत होते. "टेंपरेचर तर बरोबर दाखवतंय," तो म्हणाला. रंगुबाईने कुलूप काढून दार लोटलं. आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. आकडे मघाच्याच जागी बसून राहिले होते.

आत पक्षी अंगाने भरलेले, उद्या गाडीत चढायचे. चोची उघड्या, पंख फाकलेले, एकमेकांच्या अंगावर चढत होते.

"हनुमंताला फोन लाव!"

"लावलाय गं आई. रिंग जातीय, उचलत न्हाई."

कसा उचलणार? काष्टीच्या बाजारात होता तो. जावयाचा पोशाख आणायला गेला होता.

पार्थने पॅनलचं एक बटण दाबलं, मग सगळीच दाबली. मशीनवाल्याला फोन लावला, तर तिकडून एक बाई गोड आवाजात थांबायला सांगत राहिली. शेवटी त्याने पॅनलचं झाकण उचकटलं आणि वायरींच्या गुंत्यात हात घालायला गेला.

"हात काढा!" रंगुबाई ओरडली. "कोंबड्या मरतील त्या मरतील. माझ्या पोरीचं कुंकू नका पुसू."

तिने विळ्याने शेडच्या बाजूचे पडदे टराटरा फाडले. बाहेरूनही झळच आत आली. मोनिका बादलीने पाणी मारत होती. रंगुबाई पदराने वारा घालायला लागली. एवढ्या लांब शेडला पदराचा वारा! जिचा शब्द अख्ख्या वस्तीवर खाली पडत नसे ती बाई, "ऊठ गं, ऊठ माझे आई," म्हणत एकेका कोंबडीला हाताने उभी करत होती. उभी केलेली पुन्हा कलंडत होती. कलकलाट कमी होत गेला. आधी लांबच्या टोकाला, मग मधे, मग तिच्या पायाशी.

आणि मग, कुणी काहीही न करता, फॅन सुरू झाले.

"आलं! आपोआप रीस्टार्ट झालं!" पार्थ ओरडला, हसलासुद्धा. मग त्याचं हसू तोंडावरच विरलं. वारा शेडभर फिरला. पडलेल्यांची पिसं हलायला लागली.

अंगणात मोटारसायकल थांबली. हनुमंत दारात येऊन उभा राहिला, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. ह्या बॅचसाठी तो सगळा उन्हाळा शेडच्या दाराशी खाट टाकून झोपला होता. त्याने आत पाहिलं. दाजींकडे पाहिलं. फाडलेले पडदे पाहिले. पिशवी तशीच धरून तो उंबऱ्यावर खाली बसला.

"दादा, शप्पथ, मी काहीच बंद केलं नव्हतं," पार्थ म्हणाला. "नुसतं विचारलं, तेवढ्यानं ते अडकलं. इतकं कमजोर मशीन! खरा चोर आला असता तर हेच झालं असतं. निदान आता कळलं तरी."

मोनिका भिंतीकडे तोंड करून उभी होती.

रंगुबाईने लेकाच्या हातातून पिशवी सोडवून घेतली. खांद्यावर आलेला पदर डोक्यावर सारखा केला. जावयासमोर आली. त्याचे पाय चिखलाने आणि पिसांनी भरले होते. अंगठ्यावरचं कुंकू तेवढं अजून दिसत होतं. तिने पिशवी दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली, रीतीप्रमाणे.

"खरा चोर आला असता ना जावईबापू," ती म्हणाली, "तर त्यानं दोन कोंबड्या खायाला तरी नेल्या असत्या."