संशोधनासाठी दिलेली दाढ

माझ्या कादंबरीसाठी दाताच्या डॉक्टरांची मुलाखत मिळाली. आता हे विसरा आणि मुलाखत अजून व्हायची आहे, मी त्यांच्या खुर्चीत आडवा आहे, असं धरून चाला.

कादंबरीचा नायकही दाताचाच डॉक्टर. दाढ उपटताना त्याच्या मनात काय चालतं ते कळेना, म्हणून तिसरं प्रकरण चार महिने अडलेलं. आणि अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

'कादंबरी होत नाहीये' असं सांगायला जीभ रेटेना. मी एका दाढेकडे बोट दाखवलं.

"नक्की हीच?"

खोटं पडायला नको म्हणून मी जोरात मान हलवली.

दाढ निघाली. मग मात्र कसली लाज! तोंडातला बोळा काढून मी विचारलंच, "डॉक्टर, आत्ता उपटताना तुमच्या मनात काय चाललं होतं?"

त्यांचे कान लाल झाले. "खरं सांगू? दाढ ठणठणीत होती हो तुमची. पण तुम्ही इतक्या खात्रीने दाखवलीत. अनोळखी माणसाला नाही कसं म्हणायचं, हेच चाललं होतं."

तिसरं प्रकरण पूर्ण झालं आहे. सबब, संशोधनासाठी दिलेली दाढ मूळ जागी परत बसवून मिळावी, ही नम्र विनंती.