परातीतलं मुसळ

ऑगस्टातलं खग्रास ग्रहण बघायला मी आणि माझी बायको सुरभी इजिप्तला जाणार होतो. पावसाळ्यात आमच्या चौक गावात सूर्यच दिसत नाही. तिकिटं झाली होती, ग्रहणाचे काळे चष्मे आजच कुरिअरने आले होते.

"एवढ्या लांब कशाला रं, प्रवीण?" आई म्हणाली. "परातीत मुसळ उभं राहिलं की ग्रहण लागलं, पडलं की सुटलं. घरात कळतंय."

"मुसळ कधीही उभं राहतं, आई. सगळा तोलाचा खेळ."

मे महिन्याचं लख्ख ऊन होतं. मी अंगणात परात ठेवली, पाणी ओतलं, त्यात मुसळ उभं धरलं आणि हात सोडला. ते उभंच राहिलं.

"बघ! आज कुठंय ग्रहण?"

"आता पाड."

मी बोटाने ढकललं. मग तळहाताने. मग दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. परातीतलं पाणी डुचमळलं, मुसळ हललं नाही.

आईने तुळशीची पानं खुडली आणि पिण्याच्या पाण्यावर टाकायला ती आत गेली.

"अहो, वर तरी बघा," सुरभीने ग्रहणाचा चष्मा माझ्या हातात दिला.

मी चष्मा लावला. सूर्य पुरता गोल होता. बाकी सगळा मिट्ट काळोख, कारण त्या काचेतून सूर्याशिवाय काहीच दिसत नाही.

"ग्रहण नाहीये गं, आई!" मी तसाच, चष्म्यासकट, घराकडे वळलो.

"हाय रं," ती दारातून म्हणाली.

जिथून तिचा आवाज आला तिथे, काळ्या काचेत, एक बारीक कोर जळत होती. बघता बघता ती आणखी बारीक झाली.