कुठे चुकलं

नेहमीचं चॅट बंद करताना मुलाने लिहिलं होतं, "आता मी माझ्या स्वतःच्या सर्व्हरवर असतो, बाबा. बोलायचं तर तुम्हीही तुमचा टाका. सर्व्हर आपसात बोलतात." चार वर्षांतला तो त्याचा सर्वात लांब निरोप होता, म्हणून मी मनावर घेतलं.

जुन्या कॉम्प्युटरपुढे पुस्तक उघडं ठेवून, एकेक ओळ टाइप करत महिनाभर खपलो. एकदा सर्टिफिकेट चुकलं, दोनदा पोर्ट बंद राहिला. शेवटी सर्व्हर सुरू झाला. मुलाला पाठवलेल्या पहिल्या निरोपाचं उत्तर आलं नाही. पुढचा प्रत्येक निरोप "नाकारला" म्हणून परत आला. मग बिचकतच वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअर बाईंना बोलावलं.

"काका, हे सगळं एकट्याने केलंत? आमच्या ऑफिसात ठेवून घेतील तुम्हाला."

"थट्टा नको. कुठे चुकलंय तेवढं सांगा."

त्यांनी माझ्या सर्व्हरवरून स्वतःच्या ऑफिसच्या सर्व्हरला निरोप धाडला. तो लगेच पोचला. मग त्यांनी माझ्या सर्व्हरच्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचल्या.

"तुमचं काहीच चुकलेलं नाही, काका. पहिला निरोप पोचलाय. त्यानंतर पलीकडच्या सर्व्हरवाल्यांनी बंदीच्या यादीत तुमच्या सर्व्हरचं नाव टाकलंय. ते आपोआप होत नाही, हाताने लिहावं लागतं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली.

"पुन्हा एकदा बघता का? माझंच काहीतरी चुकलं असेल."