छापलेल्याची मालकी

मुंबईच्या गाडीतून उतरलेले कारखानीस थेट नेरळ स्टेशनातल्या हसनच्या पेपरच्या स्टॉलपुढे येऊन उभे राहिले. मुंबईच्या जुन्या इंग्रजी दैनिकाचे ते नवे मॅनेजर. बातमी सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. शंभर वर्षं गोऱ्या साहेबांच्या हातात असलेला पेपर आता आपल्या माणसाने विकत घेतला होता. इमारत, मशिनी, नाव, सगळंच. हसनने पेपरची एजन्सी पुन्हा घ्यावी, म्हणून ते आले होते.

हसनच्या हातातलं बंडल तसंच राहिलं. बेचाळीसच्या चळवळीत पोशीर गावचा सहदेव पोलिसांच्या गोळीने रानात पडला, तेव्हा याच पेपराने त्याला दरोडेखोर म्हणून छापलं होतं. सहदेव त्याचा दोस्त. हसनने त्या सकाळी सगळा गठ्ठा परतीच्या गाडीत टाकून दिला आणि एजन्सी सोडली होती. तेव्हापासून माथेरानच्या बंगल्यांचं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच, आणि घरी बायको नूरबानो लोकांचे कपडे शिवायला बसली. आज ते गिऱ्हाईक परत मिळवायची संधी आपल्या पायांनी दारात आली होती.

"साहेब, इमारत घेतलीत, मशिनी घेतल्यात," तो म्हणाला. "मागं छापलेलं पण घेतलंत का?"

कारखानीसांना आधी उमगलं नाही. हसनने सहदेवचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ते जुन्या मालकांच्या वेळचं, त्यात आमचा काय दोष? शिवाय राज्य अजून इंग्रजांचंच आहे, जपून राहावं लागतं.

"नाव तेच ठेवलंत ना? मंग त्या नावानं जे लिवलं, ते आता तुमचं हाय. आधी ते नीट करा. तवर हितं तुमचा पेपर इकणार नाय."

कारखानीसांनी सहदेवचं नाव-गाव टिपून घेतलं आणि ते पुढच्या गाडीने निघून गेले. घरी हसनने भीतभीतच नूरबानोला सांगितलं. तिने सुईत दोरा ओवला आणि बरं केलंत, एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात न मागवता इंग्रजी पेपरांचा गठ्ठा नेरळला उतरला. पहिल्याच पानावर ठळक चौकट होती. हसनने ती उभ्या उभ्या दोनदा वाचली, स्टॉल बंद केला आणि एक अंक घेऊन पोशीरची वाट धरली.

सहदेवची आई चंद्राबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. बघता बघता आळी गोळा झाली. हसन एकेक ओळ मराठीत करून वाचू लागला. सहदेव दरोडेखोर नव्हता. तो देशासाठी लढताना मेला. आम्ही खोटं छापलं, त्याच्या आईची आम्ही माफी मागतो.

मागून कुणीतरी परत वाचायला सांगितलं. त्याने परत वाचलं. या वेळी त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

चंद्राबाईने सूप खाली ठेवलं. ती रडली नाही.

"ह्यो पेपर इलायतेला जातो का रं, हसन?"

"जातो, काकी. बोटीनं जातो."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि ताठ मानेने सगळ्या आळीकडे पाहिलं. "तिकडं बी वाचू दे."